मिटलेली केस फॉर्ममध्ये लिहायची का?

“मॅडम, केस कधीच मिटली आहे, ती आता कशाला उकरून काढायची?” समोर बसलेला २६ वर्षांचा तरुण विचारत होता. नोकरी तोंडावर आलेले अनेक जण हाच प्रश्न घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करणाऱ्या या मुलाची सरकारी खात्यात निवड झाली होती. १९व्या वर्षी गावच्या जत्रेतील मारामारीत त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ (दुखापत करणे) व ५०४ (चिथावणीसाठी अपमान करणे) खाली गुन्हा दाखल झाला होता आणि पुढे न्यायालयात तडजोड झाली होती. साक्षांकन नमुन्यातील, म्हणजे नियुक्तीपूर्वी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममधील, गुन्ह्याच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने ‘नाही’ लिहिले होते, तेही इतके फिकट की कागद खिडकीकडे धरल्यावरच मला ते वाचता आले.

कायदेशीर तडजोडीने मिटलेल्या खटल्याचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. मात्र सुटका झाली म्हणून गुन्हा दाखलच झाला नव्हता, असे लिहिता येत नाही. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की, विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे. जे विचारलेच नाही ते दडपल्याचा ठपका उमेदवारावर ठेवता येत नाही. आणि किरकोळ गुन्ह्याची माहिती लपवली गेली असली, तरी नियुक्ती करणारा अधिकारी ती चूक पोटात घालू शकतो. पण त्या औदार्याच्या भरवशावर खोटे लिहिणे मला फार धोक्याचे वाटते, कारण पोलीस पडताळणीत जुनी नोंद निघाली की मारामारी बाजूला राहते आणि लपवाछपवीच नोकरीच्या आड येते.

खरे लिहिल्यावर नोकरी मिळेलच, असे मात्र मी त्याला सांगितले नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार खात्याकडे तरीही राहतो. घटनेच्या वेळी तो १८ वर्षांखालील असता, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ चे, म्हणजे त्या गुन्ह्यामुळे अपात्र न ठरण्याचे, संरक्षण त्याला मिळाले असते.

त्याने माझ्यासमोरच ‘नाही’ खोडले, खटला क्रमांक, कलमे व निकालाची तारीख शाईने लिहिली आणि न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढून जोडली. निर्णय अद्याप आलेला नाही. परवा त्याने फोनवर विचारले, “नकार आला तर?” मी म्हटले, कारणे लेखी माग आणि तो कागद घेऊन कसबा बावड्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, वार्षिक उत्पन्न मर्यादेत असेल, तर वकील मोफत मिळतो.