वाचकांचे प्रश्न : रिकाम्या गावात प्रश्नावली

बी.ए.ला समाजशास्त्र आहे. पुढे त्यातच एम.ए. करावं, मानवशास्त्राकडे वळावं की एम.एस.डब्ल्यू. करावं? नोकरीचंही बघायचं आहे. (तृतीय वर्ष, अंबाजोगाई)

तिन्हींत माणसांचाच अभ्यास आहे, पण दोन वर्षं जातात निरनिराळ्या ठिकाणी. एम.एस.डब्ल्यू.मध्ये, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीत, आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याचे : वस्ती, रुग्णालय, शाळा, संस्था. ज्याला वर्गात बसून वाचायला आवडतं, तो इथे पहिल्याच सत्रात कंटाळतो. नोकरीचा रस्ता मात्र इथेच सर्वांत सरळ. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या मोठ्या कारखान्यात कायद्यानुसार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. त्यासाठी कोणती पदवी चालते हे राज्याच्या नियमांत असतं, म्हणून प्रवेशाआधी ते महाविद्यालयात विचारून घ्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा (स्थापना १९३६) विचार असेल तर प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून आहे आणि ती निकालाआधीच होते. बी.ए.चा निकाल लागेपर्यंत थांबलात तर ते वर्ष हातचं गेलं.

मानवशास्त्र म्हणजे फक्त आदिवासींचा अभ्यास, हा गैरसमज अजून गेलेला नाही. त्यात सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक अशा चार शाखा आहेत. कलाशाखेची मुलं अडखळतात ती जैविक शाखेत. कवटीची मापं आणि आनुवंशिकी आयत्या वेळी पाठ करून जमत नाहीत.

समाजशास्त्राचं एम.ए. प्रामुख्याने अध्यापन आणि संशोधनासाठी. प्राध्यापक व्हायचं तर खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, २५० गुणांच्या दोन-दोन पेपरांचे. समाजकार्य त्या यादीत नाही, हे उशिरा कळून हळहळणारे बरेच असतात.

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ऊसतोड मजुरांचं स्थलांतर हा विषय घेतलाय. १०० जणांची प्रश्नावली डिसेंबरात बीडच्या एका गावात भरून घेणार आहे. चालेल ना? (समाजशास्त्र विभाग, पुणे)

डिसेंबरात गावात म्हातारी माणसं, मागे ठेवलेली लेकरं आणि कुलपं भेटतील. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलात परततात. गावातच बोलायचं असेल तर पावसाळ्यात जा, उचलीचे, म्हणजे मजुरांना मिळणाऱ्या आगाऊ पैशांचे, व्यवहार ठरतात तेव्हा. डिसेंबर सोडायचाच नसेल तर साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर जा, मात्र दिवसाची तोड संपवून ते तिथे परततील तेव्हाच.

आता १००चं. एक मुलाखत तासाभराची धरली तर दिवसाला तीन नीट होतात. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे ३० मुलाखतींना १५० तास धरा. लघुप्रबंधाला ३० पुष्कळ झाल्या. त्या निवडायच्या कशा? गावात ऊसतोडीला जाणारी १२० घरं असतील तर त्यांची यादी करून दर चौथं घर घ्या. यादीसाठी अंगणवाडीची सर्वेक्षण नोंदवही टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीपेक्षा बरी. मुकादमाच्या वहीत त्याचीच माणसं असतात, आणि तो बरोबर आला की उचलीबद्दल कोणी बोलत नाही.

तुमच्या प्रश्नावलीतला ‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न काढून टाका. लोक हिशेब वर्षावर ठेवत नाहीत, कोयत्यावर ठेवतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. तेव्हा या क्रमाने विचारा : यंदा घरातून किती कोयते गेले? उचल किती आणि कोणाकडून? टन किती झाले? खाडे किती पडले, त्यांचे किती कापले? शेवटी किती फिटलं आणि किती अंगावर राहिलं? आकडा तुम्हाला आपोआप मिळेल. बैलगाडीवाले आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीतले मजूर एकाच तक्त्यात घालू नका. गाडीवाल्याला वाहतुकीचेही पैसे मिळतात आणि बैलांचा खर्चही त्याच्याच माथी असतो. ‘कुटुंब’ कशाला म्हणता तेही आधी ठरवा. जनगणनेसारखी ‘एक चूल’ धरलीत, तर आजीकडे ठेवलेली मुलं कोणत्या चुलीवर मोजायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो.

नवरा शेजारी असला की बाई ‘त्यांनाच विचारा’ म्हणते. तिच्याशी वेगळं बोला, शक्यतो एखाद्या विद्यार्थिनीला बरोबर घेऊन. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला होता. पहिल्या भेटीत तो काढू नका. विचारून निघून गेलेले लोक या बायकांनी पुष्कळ पाहिलेत.

नावं बदलणं पुरेसं नाही. ‘अमुक गावचा, दोन ट्रॅक्टर असलेला मुकादम’ असं लिहिलंत तर तालुका त्याला ओळखतो. गावाचं नावही बदला.

क्षेत्रकार्याच्या अहवालावर ‘मतप्रदर्शन फार’ असा शेरा येतो. काय बदलू? (एम.एस.डब्ल्यू. प्रथम वर्ष, नागपूर)

‘माता निष्काळजी आहे’ हे मत झालं. ‘दुसऱ्या भेटीतही लसीकरण कार्ड सापडलं नाही, बाई सकाळी सातला धुण्याभांड्याला जाते, केंद्र दहाला उघडतं’ ही नोंद झाली. दुसरं लिहिलंत की पुढचं काम केंद्राच्या वेळेशी आहे हे तुम्हालाच दिसतं. पानाच्या मधोमध रेघ ओढा : डावीकडे पाहिलेलं-ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला वाटलेलं. अहवाल त्याच रात्री लिहा. आठवडाभराच्या नोंदी रविवारी लिहायला बसलं की उजवी बाजूच डावीकडे उतरते.