आधी बॅकअपची डिस्क काढा, एसएसडीचं नंतर बघू

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गेम मध्येच बंद पडतो, ब्लू स्क्रीनवर दर वेळी वेगळाच कोड येतो, गेमच्या फाइल्स तपासायला लावल्या की आज एक फाइल खराब निघते आणि उद्या दुसरीच. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून झाला, आता एसएसडी (सगळ्या फाइल्स जिच्यावर साठतात ती डिस्क) बदलू का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "डेटाची काळजी नाही, रोज रात्री आपोआप बॅकअप होतो."

काळजी नेमकी त्याचीच आहे. ती डिस्क आत्ता मशीनपासून वेगळी करा. हे पुढचं वाचायच्या आधी करा.

आधी एक स्पष्ट करतो. मी हार्डवेअरचा व्यवसाय करत नाही आणि तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही. पॉवर सप्लाय, प्रोसेसर, मदरबोर्डचा एखादा स्लॉट, यांपैकी कशानेही अशी लक्षणं दिसू शकतात. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते मी सात महिने भोगलंय, आणि माझ्याकडे दोष रॅमचा, म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीचा, निघाला. एसएसडीवर माझा संशय कमी आहे, कारण एसएसडी आपल्या आतल्या डेटाची चूक स्वतःच पकडते आणि वाचता आलं नाही तर सहसा तसं सांगते. चुकीचा डेटा गुपचूप हातात ठेवणं हे रॅमचं लक्षण. फाइल डिस्कवर धडधाकट असते, ती रॅममध्ये येते, तिथे एक बिट उलटतो (० चा १ होतो किंवा १ चा ०) आणि तपासणीचं गणित चुकतं. पुढच्या वेळी दुसरी फाइल त्या जागेवर येते. म्हणून रोज वेगळी फाइल.

आता माझी चूक. मशीन असंच अधूनमधून कोसळत होतं तेव्हा मी ते एका सर्व्हिस सेंटरला नेलं. (नाव सांगणार नाही, मेसेज करूनही विचारू नका.) त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं: "दोष आढळला नाही. विंडोज खराब. फॉरमॅट करावे." फॉरमॅट करायचं म्हणून मी घरी आणून सगळ्या डेटाचा ताजा बॅकअप घेतला. बाहेरच्या डिस्कवर जागा पुरेना, म्हणून तिच्यावरचा आधीचा बॅकअप पुसून टाकला. तो मशीन बिघडायच्या आधीचा होता. म्हणजे माझ्याकडची एकमेव शुद्ध प्रत मी हाताने पुसली आणि तिच्या जागी आजारी रॅममधून गेलेली प्रत ठेवली. मग फॉरमॅट केलं आणि तीच प्रत त्याच रॅममधून परत आणली. प्रत्येक फाइल त्या एका खराब जागेवरून जाण्याची संधी दोनदा.

त्यातली वाईट गोष्ट अशी की कुठलाही संदेश येत नाही. कॉपी शंभर टक्के पूर्ण होते, फाइलचा आकार तोच, तारीख तीच. मला कळलं ते चार महिन्यांनी, आणि तेही क्रिकेटमुळे.

आमच्या संघाचे धावफलक मी २००९ पासून ठेवतोय, साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये, प्रत्येक ओळीत एक फलंदाज. एका जुन्या सामन्यात अकराव्या क्रमांकाच्या गड्याच्या नावासमोर ९४ धावा दिसल्या. तो सामना मला आठवत होता, आणि त्या गड्याने आयुष्यात कधी पन्नास केले नव्हते. संघाची एकूण धावसंख्या फाइलमध्ये १८७ होती, पण फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून बेरीज भरत होती २६७. फरक ८०.

मला तेव्हा बेल्जियमची ती जुनी बातमी आठवली. २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्खारबेकमध्ये संगणकावरच्या मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य असतील त्याहून जास्त मतं मिळाली, आणि जादा मतं बरोबर ४०९६ निघाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटला. पण माझा फरक ८० होता आणि ८० हा दोनाचा घात नाही, म्हणून आधी मी तो विचार सोडून दिला. टंकताना माझीच चूक झाली असेल, असं धरलं.

रात्री लक्षात आलं की टेक्स्ट फाइलमध्ये आकडा हा आकडा म्हणून नसतोच, अक्षर म्हणून असतो. इंग्रजी '1' हे अक्षर संगणक ००११०००१ असं ठेवतो आणि '9' हे ००१११००१ असं. दोन्ही एकाखाली एक लिहून बघा. उजवीकडून चौथा बिट, तेवढाच फरक. १४ चे ९४ झाले होते. उठून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावली. तिसऱ्या फेरीत लाल ओळी यायला लागल्या आणि प्रत्येक ओळीत तोच एक बिट, जिथे ० हवा तिथे १. त्या क्षणी पोटात गोळा आला, कारण पुसलेला बॅकअप आठवला.

सर्व्हिस सेंटरला हे का सापडलं नाही, याचा शोध मी नंतर घेतला, आणि हा भाग तुमच्याही कामाचा आहे. मशीन परत आलं तेव्हा बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधली) माझी सगळी सेटिंग्ज उडालेली होती. पंख्यांचा वेग, बूटचा क्रम, सगळं मूळ पदावर. म्हणजे त्यांनी आधी बायोस रीसेट केलं होतं. रीसेट केलं की एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावर छापलेल्या वेगावर चालवणारं सेटिंग, बंद होतं. माझी डीडीआर४ रॅम ३२०० वर चालायची, ती त्यांच्याकडे २१३३ वर चालली. कमी वेगावर दोष क्वचितच दिसायचा. त्यावर दहा मिनिटांची जलद चाचणी, आणि दोष आढळला नाही. मी घरी येऊन एक्सएमपी परत चालू केलं आणि चक्र पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा मी सांगितलं की रॅम रात्रभर तपासा. काउंटरवरचा माणूस म्हणाला, रॅम खराब असती तर मशीन सुरूच झालं नसतं. हे साफ चूक आहे. कोट्यवधी बिट्सपैकी एक खराब असेल तर मशीन सुरू होतं, गेम चालतो, सगळं होतं. लोक मशीन विश्वासाने सोपवतात तेव्हा "मी एवढं तपासलं, एवढं तपासलं नाही" इतकं तरी कागदावर यायला हवं. त्या एका वाक्याने माझे महिने वाचले असते, आणि फाइल्ससुद्धा. याचा राग अजून गेलेला नाही.

तर तुमच्याकडे यावं. पेनड्राइव्ह कसा बनवायचा वगैरे तुम्हाला येत असणार, ते सोडतो. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवा, विंडोजमधली मेमरी चाचणी नको. ती वाईट आहे असं नाही, पण माझ्याकडे ती दोनदा स्वच्छ निघाली होती. चाचणी रोज गेम खेळता त्याच सेटिंग्जवर लावा, म्हणजे एक्सएमपी चालू असेल तर चालूच ठेवून, कॅबिनेटचं झाकण लावून, रात्रभर. एक फेरी पुरत नाही. माझी पहिली आणि दुसरी फेरी स्वच्छ होती, रॅम तापल्यावर चुका आल्या. आणि हजारात एक चूक चालते असं काही नसतं. एकही चूक आली तर रॅम नापास.

चूक आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी. त्यात स्वच्छ निघाली तरी मी समाधान मानणार नाही. खोक्यावर छापलेल्या वेगावर चालत नसेल तर ती वॉरंटीत बदलून मागायची, असं माझं मत आहे. काही जण म्हणतील की एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), कंपनी बांधील नाही. काटेकोर बघितलं तर त्यांचं बरोबर आहे, पण मागून बघायला काय जातं? मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी) वेगळी तपासा, त्याच स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक, स्लॉटबरोबर राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग). स्टिकवर मार्करने खूण करा, पहाटे तीन वाजता कुठली कुठली ते आठवत नाही. आणि जोडी म्हणून घेतलेल्या स्टिक बऱ्याच कंपन्या दोन्ही परत मागतात, तेव्हा मधल्या काळासाठी सोय बघून ठेवा.

रात्रभर काहीच निघालं नाही आणि प्रोसेसर इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा असेल तर संशय तिकडे वळवा. २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर अस्थिर होतात. गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) उलगडले जातात तेव्हा व्हिडिओ मेमरी कमी पडल्याचा संदेश येणं हे त्याचं एक ओळखीचं लक्षण, आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. बायोसच्या अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. वॉरंटी त्यांनी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

अंतराळातल्या किरणांनीही बिट उलटतो असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून त्यावरही लिहितो. २०१३ मध्ये सुपर मारिओ ६४ च्या एका शर्यतीत खेळाडूचा मारिओ अचानक वरच्या मजल्यावर उडाला. नंतर लोकांनी शोधून काढलं की मारिओच्या उंचीच्या आकड्यातला एक बिट उलटवला की नेमकं तसंच घडतं. किरणांमुळे झालं असावं असं म्हणतात, सिद्ध झालेलं नाही. बेल्जियमचंही तसंच. मला या दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात, पण त्यांचं वैशिष्ट्य असं की त्या एकदाच घडल्या. तुमच्याकडे आठवड्यातून चार वेळा घडतंय. गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा एक मोठा अभ्यास आहे, टोरंटो विद्यापीठाबरोबर केलेला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिकमध्ये चुका आढळल्या, आणि निष्कर्ष असा होता की बहुतेक चुका योगायोगाच्या नसून प्रत्यक्ष बिघाडाच्या आहेत. चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर आकाशाकडे बघू नका, कॅबिनेट उघडा.

याच कारणाने माझ्या पुढच्या मशीनमध्ये मी ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी) घेतली. दर ६४ बिट्समागे ८ जादा बिट्स, एक चूक दुरुस्त होते आणि दोन झाल्या तर निदान कळतं. डीडीआर५ मध्ये ईसीसी आपोआप असते असं विक्रेते सांगतात. ती फक्त चिपच्या आतल्या आत असते, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती राखण करत नाही. घरच्या मशीनला ईसीसी म्हणजे चैन, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये यावर बराच संताप व्यक्त केला होता आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

आता तुमचा डेटा. रोजच्या बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहतात की नवी प्रत जुनीवर लिहिली जाते, हे आधी बघा, पण दुसऱ्या निरोगी मशीनवर. जुन्या आवृत्त्या असतील तर बिघाड सुरू व्हायच्या आधीची तारीख शोधा आणि तिला हात लावू नका. नसतील तरी घाबरू नका. असे प्रोग्राम सहसा बदललेल्या फाइल्सच नव्याने कॉपी करतात, त्यामुळे वर्षानुवर्षं न उघडलेले फोटो बहुधा शाबूत असतील. धोका आहे तो गेल्या काही महिन्यांत तुम्ही उघडून सेव्ह केलेल्या फाइल्सना. झिप किंवा सेव्हन-झिपच्या फाइल्सची आतून तपासणी करता येते, तिथून सुरुवात करा, खराब असेल तर सीआरसीची (फाइलसोबत ठेवलेल्या तपासणीच्या आकड्याची) चूक लगेच दिसते. फोटोंत अर्ध्याखाली रंग बदललेला किंवा करडा पट्टा दिसतो.

आणि कॉपी झाल्या झाल्या त्याच मशीनवर मूळ आणि प्रत जुळवून बघण्यावर विसंबू नका. मी तेही केलं होतं, सगळं जुळलं होतं. नुकतीच कॉपी केलेली फाइल बरेचदा रॅममध्येच असते, तपासणी तीच वाचते, डिस्कपर्यंत जातच नाही. चूक चुकीशी जुळते.

माझे धावफलक बरेचसे परत मिळाले, कारण एका सहकाऱ्याकडे कागदी वह्या होत्या. दोन पावसाळे बसून एकेक पान ताडून पाहिलं. फोटोंचं तसं झालं नाही. वडिलांचे काही फोटो निम्मे करडे आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत.

आज रात्री चाचणी लावा आणि सकाळी पडद्याचा फोटो टाका, चुकांचा रकाना पूर्ण दिसेल असा. दोन चुका जरी असल्या तरी बिट तोच आहे की बदलतोय ते बघून पुढचं सांगतो. तोवर त्या मशीनवर काहीही सेव्ह करू नका, गेमसुद्धा नको.