कपाळावरचं गोंदण काढायचं म्हणतेस तर

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. कपाळावरचं गोंदण काढायचं, पोलीस भरतीच्या आधी काढायचं, आणि आजीला कळू द्यायचं नाही, असं तिन्ही तू एका दमात बोलून राहिली होती. पहिलं होईल. दुसऱ्याची गॅरंटी नाही. तिसरं विसर, कपाळ काय लपवायची जागा आहे का बाप्पा.

माझ्या हनुवटीवरचा तो चुरगळल्यासारखा डाग, लहानपणी तू बोट लावून विचारायची ना हे काय म्हणून, तो बिब्ब्याचा आहे. तिथं तीन टिपके होते. मी एकोणीस वर्षांची, लग्नाची बोलणी सुरू, पाहुण्यांसमोर ते टिपके नको वाटायचे, तर शेजारची एक जण म्हणाली, "बिब्ब्याचं तेल लाव वं, कातडी निघते तं शाईबी निघते." निघाली ना कातडी. तोंड सुजलं, डोळे उघडेनात, आठ दिवस नुसतं पाणी गळत होतं आणि खपली पडली तेव्हा टिपके जिथल्या तिथं, वरून हा डाग बोनस. म्हणून बिब्बा, चुना, लिंबू-मीठ, मोबाईलवर विकतात त्या क्रीमा, यातलं काही म्हणजे काही लावायचं नाही. शाई कातडीच्या खालच्या थरात बसलेली असते, वरून खरवडून ती हाती लागत नाही.

कपाळावरचं मी चाळिशीनंतर लेझरनं काढलं. लेझर शाई पुसत नाही, फोडते. उजेडाचा फटका काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यातले चारदोन, तेवढ्यात शाईचा कण फुटतो आणि तो भुगा मग आपलंच अंग हळूहळू वाहून नेतं. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवतात. सिटिंग आठ धर, मध्ये आठ-आठ आठवडे, झालं वर्षाच्या वर. कमीतही होईल, तुझं गोंदण हातानं सुईनं काजळीचं केलेलं आहे, मशीनच्या टॅटूपेक्षा ते बहुतेक लवकर निघतं, आणि चेहऱ्यावरचं पायावरच्यापेक्षा लवकर जातं कारण तोंडाला रक्तपुरवठा चांगला. हिरवट दिसतं म्हणून डॉक्टरला हिरवी शाई सांगू नको हं. काजळी काळीच असते, कातडीखालून ती तशी दिसते. खरी हिरवी शाई काढायला त्रास देते, काळी सगळ्यात सोपी.

आता खरी भीतीची गोष्ट सांगते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत स्वतःचा रंग भरपूर असतो आणि लेझरला शाई आणि तो रंग यातला फरक पूर्ण कळत नाही. ताकद जास्त लावली, घाई केली, की गोंदणाच्या जागी पांढरा चट्टा. काळपट डाग पडला तर तो बहुतेक काही महिन्यांत फिका होतो, पांढरा मात्र कधीकधी कायमचा राहतो. माझ्या ओळखीच्या एका पोट्टीनं तालुक्याच्या एका पार्लरमध्ये गालावरचं नाव काढायला दिलं, त्यांच्याकडे केस काढायची मशीन होती, तीच फिरवली. आज नाव वाचता येत नाही पण गालावर पांढरी पट्टी आहे, नावाच्याच लांबीची.

म्हणून स्किनचा एमडी किंवा डिप्लोमावालाच डॉक्टर बघ, नागपूरला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, स्किन ओपीडीत आधी दाखवून विचार. मशीन कोणती ते विचारायला लाजू नको. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर म्हणाले, आणि सावळ्या कातडीवर 1064 वर, म्हणजे 1064 नॅनोमीटरच्या उजेडावर चालवतो म्हणाले, तर बरं. आधी एका कोपऱ्यात टेस्ट करून महिनाभर थांबा म्हणणारा डॉक्टर चांगला समज, एका सिटिंगमध्ये साफ म्हणणाऱ्याकडून चप्पल घालून निघ. पैशाचं एका सिटिंगचं नाही, सगळ्याचं विचार. कान टोचल्यावर तुला गाठ आली होती ते सांग, पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांग.

दुखतं. सुन्न करायचं क्रीम लावून तासभर बसवतात, तरी फोडणीतली मोहरी उडून कपाळावर बसावी तसं तडतडतं, केस जळाल्याचा वास येतो. टिपका लगेच पांढरा पडतो, मी घाबरली होती, पण तो पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो. डोळ्यांवर धातूच्या वाट्या ठेवल्याशिवाय सुरूच करू द्यायचं नाही. तो 1064 चा उजेड डोळ्याला दिसत नाही पण डोळा खराब करतो.

नंतर खपली ओढायची नाही, व्हॅसलीन लावायचं, आणि ऊन टाळायचं. हे आपल्याकडे सगळ्यात कठीण. मेअखेरच्या नवतप्यात कपाळ उघडं ठेवून निंदायला गेली तर सगळी मेहनत काळी पडेल. मी तर पावसाळ्यात सुरू केलं होतं, आणि वेचणीला दुपट्टा भुवयांपर्यंत ओढून, वरून सनस्क्रीन. बाया हसायच्या, नवरी आली म्हणून.

भरतीचं म्हणशील तर जाहिरातीतली मेडिकलची अट आधी स्वतः वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नको. आर्मीच्या भरतीत आदिवासी उमेदवारांच्या परंपरेच्या गोंदणाला सूट देतात. तुमच्या भरतीत गोंदण अडत नसेल तर मग हे भरतीसाठी आहे की मेसच्या पोरींच्या बोलण्यासाठी, ते तूच ठरव. काढलं तरी मी नाव ठेवणार नाही, मी पण काढलंच आहे.

आजीला मात्र आधी सांग. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदणच सोबत येतं, असं ती म्हणेल, दोन दिवस बोलणार नाही. माझी माय चार दिवस बोलली नव्हती, पाचव्या दिवशी तिनंच खपलीवर फुंकर घातली.

पहिल्या वेळेस मी येते सोबत. सकाळची एसटी पकडू, ओपीडीची चिठ्ठी लवकर काढावी लागते. टिकली लावून येऊ नको आणि आधार कार्ड विसरू नको, मागच्या वेळेसारखं.

तुझी मावशी