सतत जीपीएस वापरल्याने रस्ते लक्षात ठेवायची क्षमता जाते का?

जाते की नाही ते शेवटी बघू, पण प्रश्न वाचून आमच्या काकांची आठवण झाली म्हणून लिहितोय.

बाबांनी पुण्यात ३४ वर्षं रिक्षा चालवली, काकांनी बस. प्रत्येक लग्नकार्यात काकांचं एकच, "रिक्षाला काय डोकं लागतं, माझ्यामागे साठ माणसं असतात." बाबा गप्प जेवायचे.

मागच्या गणपतीत दोघांना घेऊन नाना पेठेतून पत्र्या मारुतीजवळ जायचं होतं. फोनने दोनदा फिरवून त्याच मांडवासमोर आणून सोडलं. बाबा म्हणाले, "बंद कर त्या बाईला." मग डोळे मिटून मांडीवर बोट फिरवायला लागले, एक वळण, दुसरं, मग बोट थोडं मागे, आणि म्हणे पुढे डावीकडं पिठाची गिरणी येईल तिथून आत घाल. गिरणी कसली, मोबाईलचं दुकान होतं, पण बोळ होता! तशा चार-पाच बोळांतून बरोब्बर पोचलो. मागून काका काय म्हणाले माहितीये? "आमचा रूट इथून नव्हता."

काका, तिथेच तर मुद्दा आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना लायसनसाठी चेरिंग क्रॉस या मधल्या चौकापासून सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एलेनॉर मॅग्वायर बाईंनी २००० साली त्यांचे मेंदू स्कॅन केले तर हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. लोक म्हणाले, मुळात ज्यांचा मोठा तेच टॅक्सीवाले होत असतील. मग शिकाऊ लोकांचे आधी आणि नंतर असे स्कॅन केले, २०११ ला आलं ते, वाढ फक्त पास झालेल्यांत दिसली. आणि २००६ ला टॅक्सीवाले विरुद्ध बसवाले, तीच गर्दी, तोच ताण, फक्त रूट ठरलेला, तर मागचा भाग टॅक्सीवाल्यांचाच मोठा! ही लिंक मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही.

कारण सरळ आहे. हिप्पोकॅम्पसमधली एखादी पेशी ठराविक जागी पोचलं की पेटते, हे जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाने १९७१ मध्येच उंदरांत दाखवलं (नोबेल २०१४ ला मिळालं), अशा पेशींतून डोक्यात नकाशा बनतो. फोनमधल्या बाईने सांगितलं तसं वळत राहिलात तर तो कशाला बनेल?

आता तुमच्या प्रश्नाचं. जीपीएसने मेंदू आकसतो असं यातून सिद्ध होत नाही, आणि त्याच टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान निघाला, नवीन चित्रं लक्षात ठेवण्यात ते मागे पडले. बाबांचा चष्मा आम्ही रोज शोधतो. तरी रोजच्या रस्त्याला फोन खिशातच ठेवा, चुकलात तर चुकलात.

काका इथे नाहीत, पण त्यांची सून आहे. वहिनी, जेवताना वाचून दाखव.