फुकटच्या डेटाबेसला पगार कोण देणार?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. लेक बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यातला एक क्लास ओरॅकल डीबीएच्या (ओरॅकल कंपनीचा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्याच्या) कोर्सचे 70 हजार मागतोय आणि ती म्हणतेय मी घरीच पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस शिकते, त्याला पैसे पडत नाहीत. तुम्ही विचारलंय, फुकटच्या वस्तूचा भरवसा काय, बंद पडलं तर विचारायचं कुणाला आणि अशा कामाला पगार कोण देणार. शंका रास्त आहे, पण मी तुमच्या लेकीच्या बाजूनं आहे.

खर्चाचं बघा. ओरॅकल एंटरप्राइझ एडिशनची यादीतली किंमत एका प्रोसेसर लायसन्सला 47,500 डॉलर, वर सपोर्टचे दरसाल 22 टक्के. इंटेलच्या 16 कोअरच्या एका सर्व्हरला, दोन कोअरमागे एक, अशी 8 लायसन्स लागतात, म्हणजे 3 लाख 80 हजार डॉलर झाले, मोठ्या गिऱ्हाइकाला सूट मिळते पण सपोर्टचं बिल दरवर्षी येतंच. ॲमेझॉननं 2019 मध्ये स्वतःचे साडेसात हजारांच्या आसपास ओरॅकल डेटाबेस दुसरीकडे उगाच नाही हलवले.

सपोर्टच्या बाबतीत ओरॅकल पक्कं आहे, तक्रारीचं तिकीट टाकलं की उत्तर द्यायला कंपनी बांधील, बँका त्याचेच पैसे मोजतात. पण पोस्टग्रेसही वाऱ्यावर सोडलेलं नाही हो. दर मोठ्या व्हर्जनला 5 वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या ईडीबीसारख्या कंपन्या आहेत, ईडीबीचं तर पुण्यातच ऑफिस आहे. लायसन्सचे पैसे वाचले तरी डेटाबेस सांभाळायला माणूस लागतोच, आणि पगार त्याला मिळतो.

भरवशाचं मात्र नीट ऐका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी, डेटाबेस पोस्टग्रेसच) एका इंजिनिअरनं दुसरा सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला, चूक कळून थांबवेपर्यंत 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर काहीच नाही, कारण बॅकअप घेणारं टूल 9.2 व्हर्जनचं आणि डेटाबेस 9.6 चा, रोज फेल होत होतं आणि फेल झाल्याचे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकानं हातानं घेतलेली कॉपी होती म्हणून निभावलं. यात पोस्टग्रेसचा दोष नव्हता, आणि ओरॅकल असतं तरी न तपासलेल्या बॅकअपनं हेच झालं असतं.

म्हणून लेकीला सांगा, लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाक, घरखर्चाचा का होईना डेटाबेस बनव, बॅकअप घे, मग तो डेटाबेस उडव आणि परत उभा करून दाखव. हे पाच-सहा वेळा केलेलं पोरगं इंटरव्ह्यूत लगेच ओळखू येतं. बँकेच्या प्रोजेक्टवर जायचंच असेल तर ओरॅकलचीही फ्री आवृत्ती आहे, 12 जीबी डेटापर्यंत चालते, ती आधी हाताळू दे, एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचा, पाया तोच आहे. क्लासची फी सध्या भरू नका, लॅपटॉपला 4 जीबी रॅम असेल तर तेवढी मात्र वाढवून द्या.