सायरनची वायर कापू देऊ नका, आधी बॉनेटचा स्विच बघा

दादा, तुम्ही लिहिलंय ते दोनदा वाचलं. २०१५ची हॅचबॅक, दीड महिन्यापूर्वी सेकंडहँड घेतलेली, कोल्हापुरात राजारामपुरीत गल्लीत उघड्यावर उभी असते. रात्री दोन-अडीचला चोरीच्या अलार्मचा सायरन सुरू होतो, पावसात जास्तच. शेजारी आजारी माणूस आहे, म्हणून तुम्ही तीन वेळा अनवाणी खाली धावलात. रिमोट एकच मिळालाय. दोनदा सकाळी सेल्फ लागला नाही. आणि आता वायरिंगवाला म्हणतोय, सायरनची वायर तोडतो, दहा मिनिटांत विषय संपेल.

तोडू देऊ नका. मी नेमकं हेच करून बसलो होतो. २०२०मध्ये घेतलेल्या माझ्या जुन्या गाडीचा सायरन असाच रात्री-अपरात्री वाजायचा. एकानं वायर तोडून दिली आणि मी निवांत झोपायला लागलो. आठ महिन्यांनी आईला घेऊन रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात, वळणावर, धो धो पावसात इंजिन बंद पडलं. मागं एसटी. आईनं काही न बोलता दाराची कडी घट्ट धरली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वीस मिनिटांनी गाडी कशीबशी चालू झाली आणि साखरप्यापर्यंत गेलो. तिथल्या मिस्त्रीनं स्टिअरिंगखालचं कव्हर काढून टॉर्च मारला. इग्निशनची मूळ वायर मधोमध कापून अलार्मच्या रिलेतून, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधून, फिरवलेली होती. जोड सोल्डर केलेला नाही, नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली. टेपचा डिंक उन्हानं पातळ होऊन टेप सुटली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. सायरन गप्प होता, पण त्या यंत्रणेचा बाकीचा सगळा पसारा गाडीत तसाच होता.

म्हणून आधी हे समजून घ्या. बाहेरून बसवलेल्या अलार्मचा एक डबा डॅशबोर्डखाली असतो. त्याला दारांचे, डिकीचे आणि बॉनेटचे स्विच, एक धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, सायरन, इंडिकेटर, सेंट्रल लॉकिंगच्या मोटारी आणि बहुतेक वेळा सेल्फ किंवा इग्निशन तोडणारा रिले जोडलेला असतो. कंपनीचा चावीतल्या चिपवाला इमोबिलायझर, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा, तो वेगळा, त्याचा ह्याच्याशी संबंध नसतो. डबा स्वतः क्वचित बिघडतो. बिघडतात ते स्विच, जोड आणि बॅटरी.

आजची रात्र शांत जावी म्हणून एवढं करा. डॅशबोर्डखाली हाताला एक छोटं बटण लागतं का बघा, त्याला व्हॅले स्विच म्हणतात. बहुतेक किटमध्ये इग्निशन ऑन करून ते काही सेकंद दाबून ठेवलं की अलार्म झोपतो. बटण सापडलं नाही तर रिमोटला हात न लावता फक्त चावीनं लॉक करून बघा. बऱ्याच सिस्टीम चावीनं लॉक केल्यावर पहाऱ्यावर जात नाहीत. काही मात्र आपोआप जातात. तेही जमलं नाही तर डब्याच्या लाल वायरवरचा फ्यूज काढा, पण काढल्यावर गाडी दारातच एकदा चालू करून बघा. काही किटमध्ये डब्याचा करंट गेला की सेल्फ लागत नाही. बॅटरीचं टर्मिनल मात्र रात्री काढू नका. सायरनच्या आत स्वतःची बॅटरी असली तर टर्मिनल सुटल्या क्षणी तो बोंब मारायला लागतो, आणि त्याला गप्प करणारी छोटी चावी बहुधा आधीच्या मालकाच्या कपाटात असते.

आता सेल्फ न लागण्याचं. सायरन आणि सेल्फ हे तुम्ही दोन वेगळे त्रास धरलेत. मला तो एकच वाटतो. साधा मल्टिमीटर घ्या आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारायच्या आधी बॉनेट उघडून, बॅटरीवर व्होल्टेज बघा. १२.६ असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२च्या आसपास किंवा खाली म्हणजे रिकामी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी काटा ९.६च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवं, नाहीतर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे बघावं लागेल. बॅटरी कमजोर झाली की व्होल्टेज खाली आल्याचाच अर्थ काही अलार्म चोर आला असा घेतात. पहाटेच्या गारव्यात हे जास्त होतं.

बॅटरी चांगली निघाली तर पाऊस कुठे शिरतो ते शोधायचं. इथं माझा पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर. बॉनेटच्या कडेला रबराची टोपी असलेली बोटाएवढी पिन असते. तिच्यावर पाणी, चिखल, सर्व्हिसिंगचा प्रेशरचा फवारा सगळं बसतं. टोपी फाटली की पिन गंजते आणि बॉनेट बंद असूनही डब्याला उघडं वाटतं. मी माझ्या पुढच्या गाडीत हीच पिन काढली तेव्हा दाबलेली पिन वर यायला दोन सेकंद लागत होते आणि खालच्या टोकाला राख पसरल्यासारखा पांढरट थर होता. त्या स्विचची वायर पिनपासून सोडवून टोकाला टेप लावा आणि अलार्म चालू ठेवून एक पावसाळी रात्र काढा. सायरन वाजला नाही तर दोषी सापडला. वाजला तर ती परत जोडा आणि डिकीची सोडवा, मग दारांची. एका रात्रीत एकच वायर. दोन एकदम सोडल्या तर काहीच कळणार नाही.

शॉक सेन्सर शेवटी तपासा. तो डॅशखाली झिप टायनं बांधलेला लहान डबा असतो आणि त्यावर स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा स्क्रू असतो. थोडा कमी करा, पण एकदम शून्यावर नेऊ नका. गणपतीत साउंड सिस्टीमच्या दणक्यानं गल्लीतल्या सगळ्या गाड्या ओरडत असतील तर तो दोष नाही, तेवढ्या दिवसांपुरता कमी ठेवा.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीनं सांगतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर भागात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. तुमची गाडी २०१५ची, म्हणजे दोन्ही पूर तिनं पाहिले असू शकतात. पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ आहे का बघा. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला बारीक गाळ तपासा. यातलं काही सापडलं तर अलार्म हा सगळ्यात छोटा प्रश्न आहे. सीटखालचे आणि पायापाशी असलेले कनेक्टर एकेक उघडून साफ करावे लागतील. मात्र पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. टेस्ट लॅम्पनं तर अजिबात टोचू नका.

सगळं करूनही बॅटरी उतरत असेल तर वायरिंगवाल्याकडून गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजून घ्या. मीटर मायनस टर्मिनलला सीरिजमध्ये, दहा अँपिअरच्या रेंजवर लावायचा. दारं बंद करून अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबे, झोपायला वेळ घेतात. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडतो तो रस्ता पकडा. थांबायला जो तयार नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका. उद्यमनगरात हे नीट करणारी माणसं आहेत, फक्त काम सुरू करायच्या आधी "जोड सोल्डर करून हीट-श्रिंक स्लीव्ह घालणार का?" एवढं विचारा. ही स्लीव्ह म्हणजे गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी. त्यावरच कळतं.

माझं मत विचाराल तर इतकी जुनी किट आणि एकच रिमोट असेल तर ती काढूनच टाका. पण काढायची म्हणजे पूर्ण काढायची. इग्निशनची कापलेली वायर परत एकसंध जोडायची आणि रिले, डबा, सायरन सगळं बाहेर आलेलं डोळ्यांनी बघायचं. सेंट्रल लॉकिंग त्याच डब्यावर चालत असेल तर ते बंद पडेल, त्याची व्यवस्था आधी ठरवा. किट ठेवणारच असाल तर आधीच्या मालकाकडून दुसरा रिमोट मागा आणि मिळो न मिळो, जुने रिमोट मेमरीतून पुसून घ्या. दुसरी चावीही मागा. चोरीचा क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात.

विम्याच्या कागदावर चोरीविरोधी उपकरणाची सवलत घेतलेली आहे का, तेही बघा. ती एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेल्या उपकरणाला मिळते, ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्याच्या) २.५ टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम छोटी आहे, पण उपकरण काढलं आणि कागदावर तसंच राहिलं तर क्लेमच्या वेळी नको तो प्रश्न उभा राहील. किट काढल्यावर कंपनीला लेखी कळवा. विमा तुमच्या नावावर झाला नसेल तर त्याच वेळी तेही करून टाका.

शेजारच्यांना आज संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा की काम चालू आहे आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी व्होल्टेज किती आलं आणि बॉनेटची पिन कशी दिसते ते कळवा, पुढचं त्यावर ठरवू.