फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न: लॅपटॉप सात वर्षांचा झालाय. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकली तर वेग वाढेल का?

उत्तर: थोडा वाढेल. पण आधी घोडं कुठे अडतंय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काही काम चालू नसतानाही डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणं तिथेच आहे. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचं हेड इकडून तिकडे धावतं. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. त्यामुळे माझं ऐकाल तर एसएसडी बसवा आणि नवी विंडोज तिच्यावरच टाका. नुसत्या फॉरमॅटचा वेग, तीच सगळी सॉफ्टवेअरं परत भरलीत की ओसरतो. एसएसडी आधीच असेल आणि मेमरी (म्हणजेच रॅम) काठोकाठ भरलेली दिसत असेल, तर रॅम वाढवता येते का पाहा. काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच पक्की असते.

प्रश्न: माझ्या फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत. मग बॅकअप कशाला?

उत्तर: इन्स्टॉल करताना जी पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी येते, तिच्यात सी-डी ही अक्षरं नसतात. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असं काहीतरी दिसतं आणि आकारावरून ओळखावं लागतं. चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की डी गेलाच. शिवाय डेस्कटॉप आणि बुकमार्क सहसा सीमध्येच असतात. बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या आणि दोन-चार फाइली उघडून बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडणारा कोड, म्हणजे त्याची रिकव्हरी की, कागदावर उतरवा. वायफायचा ड्रायव्हरही (वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नवी विंडोज येते पण नेट येत नाही!

प्रश्न: विंडोजची प्रॉडक्ट की (अॅक्टिव्हेट करायचा कोड) हरवली आहे.

उत्तर: बहुधा लागणारच नाही. विंडोज १० किंवा ११ त्याच लॅपटॉपवर अॅक्टिव्हेट झालेली असेल तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा. विंडोजची आवृत्ती, होम किंवा प्रो, तेवढी पूर्वीचीच ठेवा.

प्रश्न: विंडोज ११ चालणार नाही असा मेसेज येतो.

उत्तर: तिला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतो; इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे बाद. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तीच पुन्हा टाकून वर्षानुवर्षं वापरत राहा असं मी सांगणार नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम) पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर नीट चालले तर खुशाल टाका. कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.